टँकरमधले शंभर ग्रॅम

मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून निघणाऱ्या मध्यम आकाराच्या टँकरमध्ये १२ हजार लिटर डिझेल मावते आणि वजनाला ते साधारण १० टन भरते. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या डिझेलमध्ये १ टक्क्यापर्यंत गंधक चालत असे. म्हणजे अशा एका टँकरमधून १०० किलो गंधक रीतसर, कायद्याला धरून, गावोगावच्या पंपांवर जात होते आणि तिथून इंजिनांत आणि हवेत. आज त्याच टँकरमध्ये जास्तीत जास्त १०० ग्रॅम गंधक चालते. दोन गोण्यांचा ऐवज एका कागदाच्या पुडीत आला.

पंपावर उभ्या असलेल्या माणसाला यातले काहीच दिसले नाही. डिझेलचा रंग तोच, वास जवळपास तोच, भाव मात्र आपल्या कारणांनी चढत-उतरत राहिला. बदलले ते रिफायनऱ्यांचे पोट. हे प्रकरण त्या पोटाबद्दल आहे.

कच्च्या तेलात गंधक असते, कारण ज्या समुद्री जीवांच्या गाळातून ते तयार झाले त्या गाळातच गंधक होते. प्रमाण मात्र खाणीगणिक वेगळे. अरबी समुद्रातल्या मुंबई हायचे तेल या बाबतीत नशीबवान: त्यात गंधक पाव टक्क्याहूनही कमी. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या तेलविहीर खोदणाऱ्या फलाटाने तिथे तेल शोधले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढे उरणमार्गे ते मुंबईतल्या माहुलच्या रिफायनऱ्यांपर्यंत नळाने येऊ लागले. पण ते देशाच्या गरजेला कुठवर पुरणार? आपल्याकडचे बहुतेक तेल बाहेरून येते आणि त्यातला मोठा वाटा आखातातला. सौदीच्या ‘अरब लाइट’मध्ये २ टक्क्यांच्या आसपास गंधक असते, ‘अरब हेवी’मध्ये ३ टक्क्यांच्या जवळ. व्यापारात कमी गंधकाच्या तेलाला ‘स्वीट’ आणि जास्त गंधकाच्या तेलाला ‘सावर’ क्रूड म्हणतात. सावर क्रूड स्वस्त पडते. म्हणून रिफायनरीचा नफा पुष्कळदा एकाच गोष्टीवर ठरतो: जास्तीत जास्त घाणेरडे तेल घेऊन त्यातून जास्तीत जास्त स्वच्छ माल काढता येतो का?

माहुलच्या दोन्ही रिफायनऱ्या सुरू झाल्या तेव्हा हा प्रश्नच नव्हता. स्टॅनव्हॅकची रिफायनरी १९५४ मध्ये चालू झाली, बर्मा-शेलची १९५५ मध्ये. पहिलीची पुढे एस्सो आणि राष्ट्रीयीकरणानंतर १९७४ मध्ये हिंदुस्तान पेट्रोलियम झाली, दुसरी १९७६ मध्ये सरकारकडे आली आणि पुढे भारत पेट्रोलियम बनली. त्या काळची रिफायनरी म्हणजे मुख्यतः वेगळे करण्याचा कारखाना. तेल भट्टीत साडेतीनशे अंशांच्या पुढे तापवायचे, उंच मनोऱ्यात सोडायचे, आणि जे जिथे निवेल ते तिथून काढून घ्यायचे: वर गॅस आणि नॅफ्था, त्याखाली रॉकेल, मग डिझेल, तळाला फर्नेस ऑइल आणि डांबर. गंधक कुठे जाईल हे कोणी ठरवत नव्हते. ते आपल्या स्वभावाने जड भागांत जास्त आणि हलक्या भागांत कमी उतरत असे.

या कारखान्याला हलवले ते पहिल्यांदा गंधकाने नव्हे, शिशाने.

पेट्रोल इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून त्यात शिशाचे संयुग घालण्याची युक्ती अमेरिकेत थॉमस मिजली याने १९२१ मध्ये शोधली. स्वस्त आणि परिणामकारक युक्ती, पण शिसे रक्तात जाते आणि मुलांच्या मेंदूला इजा करते. शिवाय गाडीच्या धुरातले विष निष्प्रभ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही शिशामुळे निकामी होतो. आपल्याकडे १९९४ पासून महानगरांत शिसे कमी झाले, १९९५ मध्ये कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी शिसेमुक्त पेट्रोल आले आणि २००० साली ते देशभर लागू झाले. मग शिशाने मिळणारा ऑक्टेन, म्हणजे ठोके पडू न देण्याचा गुण, आता आणायचा कुठून? रिफायनऱ्यांनी ‘रिफॉर्मर’ युनिटांवर भर दिला. त्यात साध्या सरळ रेणूंचे वलयाकार, ‘अरोमॅटिक’ रेणू होतात आणि ऑक्टेन चढतो. पण त्या वलयांतला सर्वांत लहान रेणू म्हणजे बेंझीन आणि बेंझीनने रक्ताचा कर्करोग होतो. पुढे बेंझीनवर १ टक्क्याची मर्यादा आली. त्यासाठी ‘आयसोमरायझेशन’ युनिटे उभी राहिली, त्यांत वलय न करता सरळ साखळीला फांद्या फोडून ऑक्टेन वाढवतात. एक खड्डा बुजवताना दुसरा पडतो आणि तो बुजवायला तिसरे यंत्र लागते. रिफायनरीच्या आधुनिकीकरणाचा सगळा इतिहास याच चालीने चालला आहे.

गंधकाची पाळी आली ती न्यायालयांच्या रेट्याने. दिल्लीची बाजू वकील एम. सी. मेहता यांच्या प्रदूषणाविरुद्धच्या याचिकांमुळे सर्वांना माहीत आहे. मुंबईची कमी सांगितली जाते. ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जुन्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या त्यामागे हीच लढाई होती. २००१ मध्ये केंद्राने देशाचे वाहन-इंधन धोरण ठरवण्यासाठी रघुनाथ माशेलकर यांची समिती नेमली. माशेलकर गोव्यातल्या माशेलचे आणि मुंबईच्या यूडीसीटीत, म्हणजे विद्यापीठाच्या रसायन-तंत्रज्ञान विभागात, घडलेले रसायन-अभियंता. म्हणजे प्रश्न गाडीचा असला तरी उत्तर रिफायनरीत आहे हे ज्याला सांगावे लागत नाही असा माणूस. समितीने इंधनाच्या आणि धुराच्या मानकांचे टप्पे आखून दिले: २००५ पासून देशभर भारत स्टेज-२, आणि मुंबई-पुण्यासह ११ शहरांत त्याच वेळी पुढचा टप्पा. २०१० मध्ये शहरांचा गट स्टेज-४ वर गेला, तेव्हा त्यात सोलापूरही होते.

टँकरच्या हिशेबात हे टप्पे असे उतरतात. १९९६ मध्ये १०० किलोचे ५० झाले. भारत स्टेज-२ ला ५ किलो, स्टेज-३ ला साडेतीन किलो, स्टेज-४ ला अर्धा किलो आणि स्टेज-६ ला १०० ग्रॅम. रिफायनरीच्या भाषेत शेवटचे दोन टप्पे ५० पीपीएम आणि १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५० आणि १० भाग.

शहरांना एक इंधन आणि बाकी देशाला दुसरे, ही व्यवस्था माझ्या मते धोरणातली सर्वांत कच्ची वीट होती. ट्रक शहराच्या हद्दीत राहत नाही. पुण्यात ५० पीपीएमचे डिझेल भरलेला ट्रक दोनशे किलोमीटरवर ३५० पीपीएमचे भरणार आणि त्याच्या धुराड्यातली यंत्रणा बिघडणार हे उघड होते. त्यामुळे चांगले इंधन जिथे होते तिथेही चांगली इंजिने विकता येत नव्हती. एप्रिल २०१७ मध्ये स्टेज-४ देशभर लागू झाला तेव्हा कुठे ही दुफळी संपली.

त्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये, केंद्राने ठरवले होते की स्टेज-५ गाळायचा आणि एप्रिल २०२० मध्ये थेट स्टेज-६ वर जायचे. नितीन गडकरी यांनी त्याची घोषणा केली. वाहन-इंधन धोरणासाठीच नेमलेल्या सौमित्र चौधरी समितीने २०१४ मध्ये स्टेज-६ साठी २०२४ साल सुचवले होते, म्हणजे चार वर्षे एकदम कापली गेली. मोटार कंपन्यांनी कुरकूर केली. रिफायनऱ्यांना मात्र या उडीत एक गोष्ट सोयीची होती, कारण स्टेज-५ आणि स्टेज-६ या दोन्हींत गंधकाची मर्यादा १० पीपीएमच. त्यांना एकदाच कारखाना फोडायचा होता.

आता १० पीपीएमच का? डिझेलमधले गंधक जळून सल्फर डायऑक्साइड होतो आणि त्यापासून बारीक सल्फेट कण तयार होतात, हे खरे. पण ५० पीपीएमला तो त्रास बराचसा आटोक्यात आलेला होता. शेवटची कपात गंधकाच्या धुरासाठी नव्हती, फिल्टरसाठी होती. स्टेज-६च्या डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो, आणि नायट्रोजन ऑक्साइड मोडण्यासाठी अनेक गाड्यांत, मोठ्या ट्रकांत तर सर्रास, युरियाच्या द्रावणावर चालणारी यंत्रणा असते. ट्रक ड्रायव्हर तिला नुसते ‘युरिया’च म्हणतात. या यंत्रणांतल्या उत्प्रेरकांच्या पृष्ठभागावर गंधक बसले की त्या आंधळ्या होतात. त्या धड चालल्या तर डिझेल मोटारीच्या धुरातले कण किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅमवरून साडेचारवर येतात आणि नायट्रोजन ऑक्साइड २५० मिलिग्रॅमवरून ८० वर. म्हणजे रिफायनरीने १०० ग्रॅमपर्यंत खाली यायचे ते गाडीतल्या एका डब्यासाठी.

हे काम करणाऱ्या युनिटला ‘डीएचटी’, डिझेल हायड्रोट्रीटर, म्हणतात. डिझेलमध्ये हायड्रोजन मिसळायचा, मिश्रण साडेतीनशे अंशांच्या आसपास तापवायचे, वातावरणाच्या कित्येक पट दाबाखाली जाड पोलादी भांड्यात सोडायचे. भांड्यात अॅल्युमिनाचे बारीक दाणे भरलेले असतात आणि त्यांवर कोबाल्ट किंवा निकेल आणि मॉलिब्डेनमचा लेप असतो. या उत्प्रेरकाची एक गंमत सांगण्याजोगी आहे: गंधक काढणाऱ्या या दाण्यांना काम सुरू करण्याआधी गंधकच पाजावे लागते. त्यांवरचे ऑक्साइड सल्फाइडमध्ये बदलल्याशिवाय ते कामाला लागत नाहीत. मग हायड्रोजन रेणूतून गंधक उचलतो आणि हायड्रोजन सल्फाइड होऊन निघून जातो.

पहिले ९५ टक्के गंधक मुकाट्याने निघते. खरी झुंज शेवटच्या चिमटीची. डिझेलच्या जड भागात डायबेंझोथायोफीन जातीचे रेणू असतात: दोन वलये आणि मध्ये गंधकाचा अणू. त्यातल्या काहींत गंधकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मिथाइल गट चिकटलेला असतो. एसटीच्या बाकावर दोन धिप्पाड प्रवाशांच्या मध्ये चेपलेल्या माणसापर्यंत कंडक्टरचा हात पोचत नाही, तसा उत्प्रेरकाचा हात त्या गंधकापर्यंत पोचत नाही. आधी वलयात हायड्रोजन घालून तो रेणू वाकवावा लागतो, तेव्हा कुठे गंधक हाती लागते. त्याला जास्त दाब, जास्त हायड्रोजन आणि कित्येक पट उत्प्रेरक लागतो. ५०० पीपीएमसाठी बांधलेले युनिट नुसते जोरात चालवून १० पीपीएम मिळत नाहीत. एक तर दुसरे भांडे जोडायचे, नाहीतर नवे युनिट बांधायचे. जड तेल फोडणाऱ्या हायड्रोक्रॅकरमध्ये दाब याहूनही जास्त आणि भांड्याची भिंत कधीकधी वीतभर जाड असते. अशी भांडी आता भारतातही घडतात, हजिऱ्याला लार्सन अँड टुब्रोच्या कारखान्यात. ती रस्त्याने न्यायची म्हणजे स्वतंत्र मोहीमच.

पेट्रोलची गोष्ट वेगळी आणि अधिक नाजूक. पेट्रोलमधले जवळजवळ सगळे गंधक एका युनिटातून येते, ते म्हणजे एफसीसी, कामगारांच्या तोंडचा ‘कॅट क्रॅकर’. तो जड तेल फोडून पेट्रोल करतो. त्या पेट्रोलमध्ये ओलेफिन असतात आणि त्यांच्यामुळे ऑक्टेन चांगला मिळतो. त्यावर सरसकट हायड्रोजन सोडला तर गंधक जाते, पण ओलेफिनही जातात आणि ऑक्टेन कोसळतो. यावरचा उपाय साधा पण सुंदर आहे. गंधक आणि ओलेफिन एकाच जागी राहत नाहीत: ओलेफिन हलक्या भागात जास्त, हट्टी गंधक जड भागात जास्त. म्हणून पेट्रोलचे दोन भाग करायचे, हलक्याला हळुवार हात लावायचा आणि जड भागच हायड्रोजनखाली घालायचा. फ्रान्सच्या अॅक्सेन्स कंपनीचे ‘प्राइम-जी’ तंत्र याच विचारावर उभे आहे. इंडियन ऑइलच्या फरिदाबादच्या संशोधन केंद्राने याच कामासाठी ‘इंडअॅडेप्ट-जी’ हे स्वतःचे तंत्र विकसित केले आणि त्याचे पहिले युनिट गुवाहाटीच्या छोट्या रिफायनरीत लावले.

या सगळ्याला हायड्रोजन लागतो आणि तो आयता मिळत नाही. नैसर्गिक वायू किंवा नॅफ्था वाफेबरोबर तापवून तो बनवतात. एक किलो हायड्रोजनमागे साधारण ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. शहरातली काजळी कमी करण्यासाठी रिफायनरी जास्त कार्बन सोडते. हा सौदा मला तरी मान्य आहे, कारण काजळी आज, इथे, समोरच्या माणसाच्या फुप्फुसात जाते. पण त्याला सौदाच म्हणावे. ‘ग्रीन फ्युएल’ असे फलक लावून तो झाकू नये.

निघालेला हायड्रोजन सल्फाइड हा कारखान्यातला सर्वांत कपटी वायू. थोडा असला तर सडक्या अंड्यांचा वास येतो, जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. म्हणून या युनिटांत फिरणाऱ्या माणसांच्या खिशाला छोटा गजर लटकलेला असतो. हा वायू अमाइनच्या द्रावणात धरतात आणि क्लॉस पद्धतीने त्याचे पिवळे गंधक करतात. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे, कार्ल क्लॉस याची. शेपटीला उरलेल्या वायूवर पुन्हा प्रक्रिया केली की ९९.९ टक्के गंधक हाती येते. त्यातले बरेचसे सल्फ्युरिक आम्लाकडे आणि तिथून खताकडे जाते. टँकरमधल्या त्या दोन गोण्या शेवटी शेतात पोचल्या म्हणायला हरकत नाही.

माहुलला हे सगळे करताना आणखी एक अडचण होती: जागा. एका बाजूला ट्रॉम्बेची टेकडी आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, टाटांचे वीज केंद्र, राष्ट्रीय केमिकल्सचा खत कारखाना आणि चारी बाजूंनी सरकत आलेले शहर. नव्या रिफायनरीत युनिटांमध्ये ऐसपैस अंतर ठेवता येते. इथे मात्र चालू कारखान्याच्या फटींत नवे युनिट बसवायचे, शटडाऊनच्या मोजक्या दिवसांत जुन्या नळांना जोडायचे. ८ ऑगस्ट २०१८ रोजी भारत पेट्रोलियमच्या माहुलच्या हायड्रोक्रॅकरमध्ये स्फोट होऊन आग लागली, चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली आणि दूरवरच्या घरांनाही हादरा बसला. उच्च दाबाखालचा हायड्रोजन कसा असतो हे चेंबूरने त्या दुपारी पाहिले.

शेजाऱ्यांची तक्रार मात्र त्याहून जुनी आणि रोजची आहे. तानसा जलवाहिनीलगतची घरे पाडून ज्यांना माहुलला पाठवले, त्यांनी तिथल्या हवेबद्दल दाद मागितली आणि लोकांना तिथे सक्तीने पाठवू नये असे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बजावले. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने परिसरातल्या चार कंपन्यांवर, त्यांत दोन्ही रिफायनऱ्या आल्या, मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. ती मुख्यतः टाक्यांतून आणि भरणीच्या वेळी उडून जाणाऱ्या वाफांबद्दल होती, गंधकाबद्दल नव्हे. नवे डीएचटी युनिट या वाफांना काहीच करत नाही. त्यांच्यासाठी टाक्यांची तरंगती छपरे आणि त्यांची सीले, वाफ परत धरणारी यंत्रणा, गळक्या झडपांची नियमित तपासणी असा वेगळा, कमी झगमगीत खर्च लागतो. सबंध देशाची घाण लाखो धुराड्यांतून काढून काही मोजक्या कुंपणांच्या आत आणली, तर त्या कुंपणांलगत राहणाऱ्यांचे ऋण वाढते. ते ऋण अजून फिटलेले नाही.

रिफायनरीच्या दारातून १० पीपीएमचे डिझेल निघाले म्हणजे ते पंपावर तसेच पोचते असेही नाही. मुंबईहून मनमाडमार्गे दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत भारत पेट्रोलियमची वाहिनी जाते, पुण्यावरून सोलापूरला हिंदुस्तान पेट्रोलियमची. एकाच नळातून पेट्रोल, डिझेल, रॉकेल पाठोपाठ सोडतात आणि सीमेवर थोडे मिसळतेच. गंधकाने भरलेल्या रॉकेलचा नुसता ओला हात लागला तरी १० चे १५ पीपीएम होतात. म्हणून रिफायनरी सात-आठ पीपीएमचेच डिझेल सोडते, मालांचा क्रम बदलते, टाक्या खरवडून धुते.

आणि मग माणूस. अनुदानित रॉकेल स्वस्त आणि डिझेल महाग, या फरकावर महाराष्ट्रात एक काळा धंदा पोसला गेला होता. २५ जानेवारी २०११ रोजी याच पानेवाडीजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळ पकडली आणि तिथेच त्यांना जिवंत जाळण्यात आले. रिफायनरीतल्या उत्प्रेरकाने शेवटच्या चिमटीसाठी झगडावे आणि रस्त्यावर बादलीभर रॉकेल ओतून ते सगळे पुसले जावे, असा तो काळ होता. पुढे अनुदान टप्प्याटप्प्याने आटले आणि भेसळीतली कमाईही आटली. स्वच्छ इंधनाच्या श्रेयात हा वाटा कोणी धरत नाही, पण तो मोठा आहे.

दिल्लीला धुरक्याच्या धसक्याने एप्रिल २०१८ मध्येच १० पीपीएमचे इंधन मिळाले. बाकी देशात १ एप्रिल २०२० ही तारीख उगवली तेव्हा टाळेबंदीचा आठवडा चालू होता आणि रस्त्यावर गाड्याच नव्हत्या. सरकारी तेल कंपन्यांनी या टप्प्यासाठी सुमारे ३५ हजार कोटी रुपये खर्च केले होते आणि त्याचा शुभारंभ रिकाम्या पंपांवर झाला. ५० वरून १० पीपीएमवर उरलेला देश एका दिवशी गेला आणि त्या दिवशी बातमी दुसरीच होती.

आता वाचकाला एक सांगणे. तुमच्या डिझेल गाडीत डीपीएफ असेल आणि रोजचे जाणे-येणे गर्दीतले, जवळचे असेल, तर तो काजळीने भरून डॅशबोर्डवर दिवा लागतो. अशा वेळी महामार्गावर वीसेक मिनिटे एका वेगाने गाडी चालवली की बहुधा तो स्वतःची काजळी जाळून मोकळा होतो. दिवा तरीही विझला नाही तर गाडी कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न्या. कोपऱ्यावरचा गॅरेजवाला ‘फिल्टरच काढून टाकू, ॲव्हरेज वाढेल’ म्हणाला तर त्याला नाही म्हणा. तो डबा कापून काढलेल्या गाडीला १० पीपीएमचे डिझेल काही कामाचे नाही.